अळिंबीच्या अर्कापासून अर्धवाहक अब्जांश कण : 'पर्यावरणस्नेही' या विशेषणाची चिकित्सा

सारांश :

अळिंबीच्या अर्काच्या साहाय्याने कॅडमियम सल्फाइड, झिंक सल्फाइड, झिंक ऑक्साइड इत्यादी अर्धवाहक पदार्थांचे अब्जांश कण तयार करण्याविषयी गेल्या दोन दशकांत विपुल लेखन झाले आहे. या लेखनात 'पर्यावरणस्नेही' किंवा 'हरित' हे विशेषण बहुधा शीर्षकातच येते. परंतु ते सिद्ध करण्याची जबाबदारी क्वचितच स्वीकारली जाते. प्रस्तुत लेखात या विशेषणाची तीन अंगांनी चिकित्सा केली आहे : अभिक्रियेत अर्काची नेमकी भूमिका कोणती, त्या भूमिकेसाठी दिले जाणारे पुरावे कितपत पुरेसे आहेत, आणि प्रयोगातून उरणाऱ्या टाकाऊ द्रव्याचा हिशेब मांडला जातो काय. शेवटी बुलडाणा जिल्ह्यातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या संदर्भात काही सूचना केल्या आहेत.

बीजसंज्ञा : अब्जांश कण, अर्धवाहक, अळिंबी, हरित रसायनशास्त्र, कॅडमियम, नियंत्रक प्रयोग.

प्रस्तावना :

एखाद्या शास्त्रीय पद्धतीला चांगले नाव मिळाले की त्या नावामागील अर्थ तपासण्याची गरज वाटेनाशी होते. 'हरित संश्लेषण' या संज्ञेचे आज काहीसे असेच झाले आहे. वनस्पतीची पाने, फळांच्या साली, बुरशी, अळिंबी यांपैकी कोणत्याही सेंद्रिय द्रव्याचा अर्क धातूच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला, रंग बदलला, आणि क्ष-किरण विवर्तनाचा आलेख मिळाला की शोधनिबंधाचा सांगाडा तयार होतो. सेंद्रिय द्रव्य वापरले म्हणून पद्धत हरित, आणि पद्धत हरित म्हणून ती पर्यावरणस्नेही, असा हा युक्तिवाद असतो. त्यातील दोन्ही पायऱ्या तपासून पाहण्याजोग्या आहेत.

हा विषय केवळ तज्ज्ञांच्या वर्तुळापुरता राहिलेला नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांमध्ये, महाविद्यालयीन परिषदांमध्ये आणि बहुविद्याशाखीय नियतकालिकांमध्ये हा विषय वारंवार येतो. साधनसामग्री कमी लागते, अळिंबी बाजारात मिळते, प्रयोग एका आठवड्यात पूर्ण होतो. त्यामुळे ग्रामीण महाविद्यालयांना तो सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच त्याची चिकित्सा आपल्यासारख्या महाविद्यालयांतूनच होणे आवश्यक आहे.

विषयाची पार्श्वभूमी :

अर्धवाहक पदार्थाचा कण काही नॅनोमीटर इतका लहान झाला की त्याचे प्रकाशीय गुणधर्म आकारमानानुसार बदलतात. कॅडमियम सल्फाइडच्या मोठ्या स्फटिकात इलेक्ट्रॉनला ओलांडावे लागणारे ऊर्जेचे अंतर, म्हणजेच पट्टा-अंतर, सुमारे २.४२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. कण सहा नॅनोमीटरच्या आत आला की हे अंतर लक्षणीय प्रमाणात वाढते आणि पिवळ्या पदार्थाचे शोषण निळ्या-जांभळ्या बाजूकडे सरकते. द्रावणातील कॅडमियम सल्फाइडच्या कणांमध्ये हा परिणाम लुई ब्रुस यांनी १९८३ च्या सुमारास दाखवला. क्वांटम डॉट्सच्या शोधाबद्दल २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ब्रुस, अलेक्सी एकिमोव्ह आणि मौंगी बावेंडी यांना विभागून देण्यात आले.

याच ब्रुस यांचे नाव १९८९ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाच्या सहलेखकांतही आढळते. डॅमेरॉन आणि सहकाऱ्यांच्या त्या निबंधात दोन जातींचे किण्व कॅडमियमच्या सान्निध्यात वाढवले असता पेशींमध्ये कॅडमियम सल्फाइडचे अब्जांश स्फटिक तयार होतात आणि लहान पेप्टाइडांचे आवरण त्यांना स्थिर ठेवते, असे दाखवण्यात आले होते. पेशीच्या दृष्टीने ही विषापासून बचाव करण्याची क्रिया होती. जैविक मार्गाने अर्धवाहक कण मिळवण्याच्या कल्पनेचे मूळ असे एका सजीवाच्या आत्मरक्षणात आहे.

महाराष्ट्राचा या क्षेत्रातील वाटा मोठा आहे. २००२ हे वर्ष त्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अबसार अहमद, मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी 'फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम' या बुरशीच्या साहाय्याने पेशीबाहेर कॅडमियम सल्फाइडचे ५ ते २० नॅनोमीटरचे कण मिळवले. त्याच वर्षी आघारकर संशोधन संस्थेतील किशोर पाकणीकर, पुणे विद्यापीठातील सुलभा कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी किण्वाच्या पेशींत तयार झालेल्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांपासून प्रत्यक्ष डायोड तयार करून दाखवला. आपल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात महेंद्र राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीजन्य अब्जांश कणांवर दीर्घकाळ काम केले असून 'मायकोनॅनोटेक्नॉलॉजी' ही संज्ञा त्यांनी २००९ साली मांडली.

अळिंबीचा प्रवेश यानंतरचा. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील विग्नेश्वरन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अळिंबी काढून घेतल्यानंतर उरणाऱ्या टाकाऊ माध्यमाचा उपयोग करून चांदीचे अब्जांश कण मिळवले. तिरुवनंतपुरमच्या मार इव्हानिओस महाविद्यालयातील डेझी फिलिप यांनी २००९ साली खाद्य अळिंबीच्या अर्कापासून सोने व चांदीचे कण तयार केले. पुढे धिंगरी अळिंबीच्या साहाय्याने झिंक सल्फाइड (२०१४) आणि कॅडमियम सल्फाइड (२०१५) यांचे कण मिळवल्याचे निबंध अनुक्रमे कोलकात्याच्या आणि युक्रेनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यानंतर अशा लेखनाचा ओघ वाढतच गेला.

या आढाव्यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. सुरुवातीचे कार्य सजीव पेशींवर होते, नंतरचे बहुतांश कार्य अर्कावर आहे. सुरुवातीचे अळिंबीविषयक कार्य चांदी-सोन्यावर होते, नंतरचे सल्फाइड-ऑक्साइडांवर आहे. ही दोन्ही स्थित्यंतरे झाली, परंतु स्पष्टीकरणाची भाषा मात्र जुनीच राहिली. पुढील दोन आक्षेप त्यातूनच उद्भवतात.

आक्षेप पहिला : क्षपण की अवक्षेपण ?

चांदीच्या क्षारापासून चांदीचा कण तयार होताना चांदीच्या आयनाला एक इलेक्ट्रॉन मिळावा लागतो. हे क्षपण होय. अर्कातील फिनॉलवर्गीय द्रव्ये, शर्करा किंवा प्रथिने तो इलेक्ट्रॉन पुरवू शकतात. म्हणून चांदीच्या बाबतीत 'अर्काने धातूच्या आयनांचे क्षपण केले' हे विधान योग्य आहे.

कॅडमियम सल्फाइडच्या बाबतीत परिस्थिती मुळातच वेगळी आहे. क्षारातील कॅडमियमवर दोन धन प्रभार असतात आणि सल्फाइडातील कॅडमियमवरही तेवढेच असतात. झिंक सल्फाइड आणि झिंक ऑक्साइड यांनाही हेच लागू पडते. धातूचे येथे क्षपण होतच नाही. असे असूनही 'अळिंबीतील जैवरेणूंनी धातूच्या आयनांचे क्षपण करून अर्धवाहक कण तयार केले' हे वाक्य अनेक निबंधांत जसेच्या तसे आढळते. चांदीवरील लेखनातून उचललेले हे वाक्य येथे रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या कसोटीलाही उतरत नाही.

मग अळिंबी करते तरी काय ? या प्रश्नाचे उत्तर गंधकाचा स्रोत कोणता यावर अवलंबून आहे. पुष्कळ प्रयोगांत कॅडमियम किंवा झिंकच्या क्षारासोबत सोडियम सल्फाइड बाहेरून मिसळलेले असते. सोडियम सल्फाइड मिसळल्यावर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा साका तत्काळ येतो, हे गुणात्मक विश्लेषणाच्या प्रात्यक्षिकात आपले विद्यार्थी पूर्वापार पाहत आले आहेत. त्यासाठी अळिंबीची गरज नसते. अशा प्रयोगात अर्काची भूमिका फार तर आवरकाची असते. म्हणजे कणाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याला वाढू न देण्याची आणि एकमेकांत गोळा होऊ न देण्याची.

ही भूमिका गौण मानण्याचे कारण नाही. कणांना आवर घालण्यासाठी रासायनिक पद्धतीत मर्कॅप्टोइथॅनॉलसारखी उग्र वासाची आणि विषारी द्रव्ये वापरतात. अळिंबीतील प्रथिने, बहुशर्करा किंवा एर्गोथिओनीनसारखी गंधकयुक्त द्रव्ये तेच काम करत असतील, तर तो खरा लाभ आहे. मात्र तो लाभ त्याच नावाने सांगितला पाहिजे. 'अळिंबीने कण तयार केले' आणि 'रसायनाने तयार झालेल्या कणांना अळिंबीच्या अर्काने स्थिर ठेवले' ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि त्यांपैकी दुसऱ्याचा पुरावा असताना पहिले विधान करणे अनुचित होय.

झिंक ऑक्साइडच्या निबंधांत ही विसंगती अधिक ठळक होते. तेथे अर्क आणि झिंकचा क्षार यांचे मिश्रण वाळवून पुष्कळदा ४०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानास भट्टीत भाजले जाते. त्या तापमानाला अळिंबीचे सेंद्रिय द्रव्य बहुतांशी जळून जाते. त्यानंतर उरलेल्या कणांवर अळिंबीतील प्रथिनांचे संरक्षक आवरण असल्याचा दावा करणे हे भट्टीचे कार्यच विसरण्यासारखे आहे.

आक्षेप दुसरा : उकळलेला अर्क आणि विकरे :

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या २००२ च्या कार्यात एक साधा परंतु निर्णायक प्रयोग होता. बुरशीला कॅडमियम सल्फेट दिले असता कॅडमियम सल्फाइड मिळाले. कॅडमियम नायट्रेट दिले असता दीर्घकाळ ठेवूनही मिळाले नाही. यावरून गंधक सल्फेटमधून येत असावे आणि सल्फेटचे सल्फाइडमध्ये क्षपण करणारे विकर बुरशीने द्रावणात सोडले असावे, असे अनुमान काढता आले. येथे क्षपण आहे, पण ते धातूचे नसून सल्फेटचे आहे. बाहेरून सल्फाइड दिलेले नव्हते. म्हणूनच 'बुरशीने कण तयार केले' हे विधान तेथे सार्थ ठरते.

अळिंबीच्या अर्कावरील अनेक निबंध आपल्या स्पष्टीकरणासाठी विकरांचाच आधार घेतात. त्यांच्या कृतीच्या भागात मात्र अळिंबीचे तुकडे किंवा पूड पाण्यात अर्धा तास उकळून, गाळून घेतल्याचा उल्लेख असतो. उकळत्या पाण्यात बहुतेक विकरांची रचना मोडते आणि त्यांची क्रियाशीलता नष्ट होते. एकाच निबंधाच्या कृतीत विकरे नष्ट करावयाची आणि चर्चेत त्यांनाच श्रेय द्यावयाचे, ही विसंगती परीक्षकांच्या नजरेतून सुटते ही खेदाची बाब आहे.

नियंत्रक प्रयोगांचा अभाव हे या लेखनाचे सर्वांत मोठे वैगुण्य आहे. यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. किमान तीन प्रयोग प्रत्येक महाविद्यालयात करता येतात. एक, अर्क न घालता तेच क्षार त्याच प्रमाणात मिसळून पाहणे. दोन, अर्काऐवजी जिलेटीन किंवा ग्लुकोज यांसारखे साधे द्रव्य घेऊन पाहणे. तीन, उकळलेला अर्क आणि थंड पाण्यात काढलेला अर्क यांची तुलना करणे. जिलेटीनने तेच कण मिळाले तर अळिंबीचे वैशिष्ट्य उरत नाही; न मिळाले तर अळिंबीत काहीतरी विशेष आहे असे म्हणण्यास आधार मिळतो. निष्कर्ष कोणताही निघाला तरी ज्ञानात भरच पडते.

अळिंबीच्या वर्णनाबाबतही तेच म्हणावे लागेल. 'स्थानिक बाजारातून अळिंबी विकत घेतली' एवढ्यावर प्रयोगाची नोंद संपते. धिंगरीची जात कोणती, ती गव्हाच्या काडावर वाढली की सोयाबीनच्या कुटारावर, काढणी पहिली होती की तिसरी, वाळवली कशी, यांवर तिच्यातील प्रथिने आणि खनिजे यांचे प्रमाण बदलते. हे तपशील नसतील तर दुसऱ्या प्रयोगशाळेने तोच प्रयोग पुन्हा करून पाहणे अशक्य होते.

आक्षेप तिसरा : मोजमाप आणि अनुमान :

ग्रामीण महाविद्यालयांजवळ क्ष-किरण विवर्तन किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांची सोय नसते. नमुने आयआयटी मुंबई किंवा चंडीगढच्या पंजाब विद्यापीठासारख्या ठिकाणी पाठवावे लागतात. आलेख परत येतो तो सहसा एकच, आणि त्यावर संपूर्ण निबंध उभा राहतो. ही मर्यादा समजण्यासारखी आहे. तथापि हाती असलेल्या आलेखातून किती अनुमान काढावे याला संयम हवा.

शेरर यांच्या सूत्राने मिळते ते स्फटिकक्षेत्राचे सरासरी आकारमान. एका कणात अशी अनेक क्षेत्रे असू शकतात, त्यामुळे ते कणाचे आकारमान असेलच असे नाही. उपकरणामुळे शिखराला येणारी रुंदी वजा केली नाही तर तेही चुकीचे येते. यापेक्षा गंभीर अशी एक अंतर्गत विसंगती काही निबंधांत दिसते. विवर्तनावरून कॅडमियम सल्फाइडच्या कणांचे आकारमान २५ नॅनोमीटर सांगितले जाते आणि त्याच निबंधात पट्टा-अंतर तीन इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत वाढल्याचे सांगून त्याचे श्रेय सूक्ष्म आकाराला दिले जाते. वर सांगितल्याप्रमाणे हा परिणाम सहा नॅनोमीटरच्या आत ठळक होतो. २५ नॅनोमीटरच्या कणात तो इतका मोठा असू शकत नाही. दोहोंपैकी एक मोजमाप किंवा त्याचा अर्थ चुकलेला असणार.

अशा चुकीचा एक संभाव्य उगम खुद्द अर्कातच आहे. प्रथिने २८० नॅनोमीटरच्या आसपास अतिनील प्रकाश शोषतात आणि गडद रंगाच्या अर्काचे शोषण त्याच्या बरेच पुढे पसरते. केवळ अर्काचा वर्णपट वजा न करता मिश्रणाच्या वर्णपटावरून पट्टा-अंतर काढले, तर आपण अर्धवाहकाऐवजी अर्काचेच मोजमाप करीत असतो. झिंक सल्फाइडचे शोषण मुळातच ३४० नॅनोमीटरच्या सुमारास सुरू होत असल्याने तेथे हा धोका अधिक आहे.

अवरक्त वर्णपटाच्या बाबतीत १६४० च्या आसपासचे शिखर प्रथिनांचे म्हणून सांगण्याची प्रथा आहे. प्रथिनांतील अमाइड गटाचे शिखर त्या भागात येते हे खरे. परंतु पाण्याचे शिखरही तेथेच येते, आणि नमुना ज्या पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये दाबून पाहतात ते हवेतील ओलावा सहज शोषून घेते. १५४० च्या सुमारास अमाइडचे दुसरे शिखर आहे काय, हे पाहिल्याशिवाय प्रथिनाचे आवरण सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही.

आक्षेप चौथा : टाकाऊ द्रव्याचा हिशेब :

हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली मांडली. त्यांतील पहिले तत्त्व टाकाऊ द्रव्य निर्माणच न होऊ देण्याचे आहे. कमी विषारी द्रव्ये वापरणे आणि ऊर्जा वाचवणे हीही त्यांतील तत्त्वे आहेत. अळिंबीचे निबंध नूतनीकरणक्षम कच्च्या मालाचे तत्त्व तेवढे उचलतात आणि इतरांविषयी मौन पाळतात.

साधा हिशेब करून पाहू. ०.०१ मोलर तीव्रतेच्या कॅडमियम क्षाराचे १०० मिलिलिटर द्रावण घेतले तर त्यात सुमारे ११२ मिलिग्रॅम कॅडमियम असते. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम आहे. म्हणजे या एका चंचुपात्रातील कॅडमियम त्या मर्यादेपर्यंत विरळ करण्यास सुमारे ३७ हजार लिटर पाणी लागेल. अभिक्रिया ९५ टक्के पूर्ण झाली आणि केवळ ५ टक्के कॅडमियम धुण्याच्या पाण्यात गेले, तरी सुमारे १,८७० लिटरचा प्रश्न उरतोच. त्याच तीव्रतेचे झिंकचे द्रावण घेतले तर त्यात सुमारे ६५ मिलिग्रॅम झिंक असते, आणि झिंकची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम असल्याने सगळेच्या सगळे झिंक विरळ करण्यास १३ लिटर पाणी पुरते. दोन्ही प्रयोगांत अळिंबी तीच, पद्धत तीच. पर्यावरणाच्या दृष्टीने फरक पाडतो तो धातू, आणि शीर्षकातील 'पर्यावरणस्नेही' हे विशेषण मात्र दोघांनाही सारखेच बहाल केले जाते.

रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली सुचवलेला ई-घटक म्हणजे उत्पादनाच्या प्रत्येक किलोमागे निर्माण होणारे टाकाऊ द्रव्य. वरील द्रावणातून जास्तीत जास्त १४४ मिलिग्रॅम कॅडमियम सल्फाइड मिळू शकते. त्यासाठी १० ग्रॅम वाळलेल्या अळिंबीचा अर्क वापरला असेल, तर पाणी धरले नाही तरी हा घटक ७० च्या घरात जातो. अळिंबीचा चोथा कुजणारा आहे, हा बचाव अर्क काढतानाच वेगळ्या केलेल्या चोथ्यापुरता मान्य करता येईल. धातूच्या संपर्कात आलेल्या जैवभाराला तो लागू नाही. बुरशी आणि अळिंबी कॅडमियम शोषून साठवतात, हा त्यांचा गुणच या संशोधनाचा पाया आहे. असा जैवभार खतात गेला तर तो धातू पुन्हा मातीत आणि पिकात येणार.

तुलनेचा निकषही तपासला पाहिजे. हे निबंध आपली पद्धत ज्या 'पारंपरिक' पद्धतीशी ताडून पाहतात, ती बहुधा १९९३ साली बावेंडी यांच्या गटाने दिलेली, सुमारे ३०० अंश तापमानाच्या द्रावकातील पद्धत असते. तिच्या तुलनेत कोणतीही पद्धत सौम्यच ठरणार. परंतु त्या पद्धतीने मिळणाऱ्या एकसारख्या आकाराच्या कणांची बरोबरी अर्काच्या पद्धतीने होत नाही. आणि ब्रुस यांनी अभ्यासलेले कॅडमियम सल्फाइडचे कण मुळात पाण्यातलेच होते. अळिंबीच्या पद्धतीची न्याय्य तुलना त्या साध्या जलीय अवक्षेपणाशी व्हावयास हवी.

बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात :

हे सारे विवेचन आपल्या जिल्ह्यात अधिक गांभीर्याने घेण्याची कारणे आहेत. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांचा मोठा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तेथील भूजल क्षारयुक्त असून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी दीर्घकाळ होत आल्या आहेत. त्यांचा कॅडमियमशी संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. परंतु शरीरात गेलेले कॅडमियम प्रामुख्याने मूत्रपिंडात साठते आणि तेथून वर्षानुवर्षे हलत नाही. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या सांडपाण्यातून भातशेतीत गेलेल्या कॅडमियममुळे इताई-इताई हा रोग उद्भवला, आणि तेथील शासनाने १९६८ साली त्याला प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्यता दिली. जेथे पाण्याने आधीच लोकांची परीक्षा पाहिली आहे, तेथे प्रयोगशाळेच्या मोरीतून कॅडमियम वाहू देण्याचा अधिकार कोणत्याही 'हरित' प्रकल्पाला पोचत नाही. घातक टाकाऊ द्रव्यांविषयीचे २०१६ चे नियम अस्तित्वात आहेत. पण तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात बाटलीभर कॅडमियमयुक्त पाणी कोणाकडे सोपवावे, याची व्यवस्था अभावानेच आढळते. ज्या द्रव्याची विल्हेवाट आपण लावू शकत नाही ते विद्यार्थ्याच्या हाती न देणे, हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरी बाजू आशादायक आहे. सोयाबीन आणि कापूस ही आपली मुख्य पिके. सोयाबीनचे कुटार आणि गव्हाचे काड यांवर धिंगरीचे उत्पादन घेता येते. काढण्या संपल्यावर पिशवीत उरणारे माध्यम बुरशीच्या तंतूंनी आणि त्यांनी स्रवलेल्या विकरांनी समृद्ध असते. मुंबईच्या संस्थेने २००७ साली वापरले ते हेच. खाण्याजोगी अळिंबी उकळून वाया घालवण्याऐवजी हे टाकाऊ माध्यम थंड पाण्यात भिजवून त्याचा अर्क काढला, आणि कॅडमियमऐवजी झिंक सल्फाइडवर काम केले, तर 'पर्यावरणस्नेही' या विशेषणाला निदान दोन बाजूंनी आधार मिळेल. झिंकही जलचरांना अपायकारक ठरू शकते, म्हणून त्याच्याही द्रावणाचे अवक्षेपण करून साका वेगळा जपून ठेवावा लागेल. तथापि हे काम महाविद्यालयाच्या आवाक्यातले आहे.

या लेखनाच्या वाढीमागे केवळ वैज्ञानिक कुतूहल आहे असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली आणि निबंधांची संख्या हे मोजमाप झाले. पुढे विनियम बदलले, नियतकालिकांची मान्यताप्राप्त यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. नियतकालिकाची गुणवत्ता ठरवण्याची जबाबदारी आता मोठ्या प्रमाणावर संस्था आणि परीक्षक यांच्यावर येऊन पडली आहे. अशा वेळी परीक्षकाने 'नियंत्रक प्रयोग कोठे आहे ?' आणि 'उरलेल्या द्रावणाचे काय केले ?' हे दोन प्रश्न जरी विचारले, तरी या क्षेत्रातील लेखनाचा दर्जा उंचावेल.

निष्कर्ष :

१. अर्धवाहक सल्फाइड व ऑक्साइड यांच्या निर्मितीत धातूचे क्षपण होत नाही. चांदीवरील लेखनातील स्पष्टीकरण येथे वापरणे चुकीचे आहे.

२. सल्फाइड बाहेरून मिसळलेले असल्यास अळिंबीच्या अर्काची भूमिका आवरकाची मानावी. ती उपयुक्त आहे, परंतु तिला 'अळिंबीद्वारे निर्मिती' म्हणता येणार नाही.

३. अर्क उकळलेला असल्यास विकरांना श्रेय देण्यासाठी स्वतंत्र पुरावा आवश्यक आहे. अर्काविना, साध्या द्रव्यासह आणि थंड अर्कासह असे तीन नियंत्रक प्रयोग प्रत्येक निबंधात असावेत.

४. अर्काचा वर्णपट वजा न करता काढलेले पट्टा-अंतर आणि विवर्तनाने मिळालेले आकारमान यांत विसंगती असल्यास ती मान्य करून तिची चर्चा व्हावी.

५. 'पर्यावरणस्नेही' हे विशेषण वापरणाऱ्या निबंधात वापरलेला धातू, उरलेले द्रावण, धातूयुक्त जैवभार आणि खर्ची पडलेली ऊर्जा यांचा हिशेब द्यावा. हिशेब नसल्यास विशेषण गाळावे.

६. विल्हेवाटीची सोय नसलेल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी कॅडमियमचे क्षार टाळावेत, आणि टाकाऊ अळिंबी माध्यम व झिंक सल्फाइड या दिशेने प्रयोग करावेत.

पुण्याच्या प्रयोगशाळांनी २००२ साली जे प्रश्न विचारले ते आजही मार्गदर्शक आहेत : गंधक कोठून आले, कोणत्या द्रव्याने आणले, ते द्रव्य नसते तर काय झाले असते ? आपल्या महाविद्यालयांजवळ त्यांची उपकरणे नाहीत. हे प्रश्न विचारण्यासाठी मात्र उपकरणे लागत नाहीत.